मुलांना कायमचे घर शोधून देणाऱ्या कार्यकर्त्यांचे पर्यवेक्षण : का, कसे आणि कोणी करावे?

बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते. त्यानंतर एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेवीस वर्षांपर्यंत, अनुरक्षणाची म्हणजे आफ्टरकेअरची सोय कायद्यात आहे. पण आजारी पडल्यावर फोन कुणाला करायचा, सुट्टीत जायचे कुठे, लग्न ठरले तर बोलणीला कोण बसणार, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही योजनेत नसतात. ती फक्त कुटुंबाकडे असतात. म्हणूनच मूल सज्ञान होण्याआधी त्याला कायमचे कुटुंब मिळावे यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सामाजिक कार्यकर्ते धडपडत असतात.

या कार्यकर्त्यांच्या पाठीशी कोण असते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. या क्षेत्रात काम करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. तान्ह्या बाळाला घर मिळवून देणारी व्यवस्था बऱ्यापैकी बसलेली आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे तसे नाही. त्याला घर मिळेल की त्याची फाईल कपाटात पडून राहील, हे बऱ्याच अंशी त्या कार्यकर्त्याला नियमित पर्यवेक्षण मिळते की नाही यावर ठरते.

कायमचे कुटुंब म्हणजे काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे या कायद्याचे मूलभूत तत्त्व आहे. त्यानुसार मुलाला कुटुंब मिळण्याचे मुख्य मार्ग चार.

पहिला, मूळ कुटुंबात पुनर्स्थापना. बालगृहातील सगळी मुले अनाथ नसतात. अनेकांची आई किंवा वडील हयात असतात. घरची गरिबी, आजारपण, दारू, स्थलांतर अशा कारणांनी ती संस्थेत आलेली असतात.

दुसरा, नातेवाइकांकडे संगोपन. यासाठी मिशन वात्सल्यअंतर्गत पात्र मुलांना दरमहा 4000 रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपयांचे साहाय्य मिळते.

तिसरा, दत्तक. बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित केल्यावर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, प्रक्रियेतून ते कुटुंबात जाते. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात.

चौथा, प्रतिपालकत्व म्हणजे फॉस्टर केअर. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहा वर्षांवरील मुलांसाठी एकट्या व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकतात. मूल दोन वर्षे त्या घरात राहिल्यावर, दत्तकाच्या इतर अटी पूर्ण होत असतील तर, तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकते.

आपल्या समाजासाठी एक माहिती इथेच द्यायला हवी. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा, मुलगी असेल तर दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या मार्गात ही अट नाही. 2022 च्या दत्तक विनियमांनुसार दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्याचा विचार विशेष गरजा असलेल्या आणि सहज कुटुंब न मिळणाऱ्या मुलांसाठी होतो. वयाने मोठी मुले अनेकदा याच गटात येतात.

काम कोण करते, देखरेख कोण करते?

निर्णयाचा अधिकार बाल कल्याण समितीचा. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. प्रत्यक्ष काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते आणि समुपदेशक, तसेच बालगृहांचे आणि विशेष दत्तक संस्थांचे कार्यकर्ते करतात. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि समितीने चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा, असे कायदा सांगतो. कक्षातील बहुतेक पदे कंत्राटी आहेत.

या कार्यकर्त्यांवर कक्षाचे संरक्षण अधिकारी किंवा संस्थेचे अधीक्षक देखरेख करतात. पण देखरेख म्हणजे बहुतेक ठिकाणी महिन्याची आढावा बैठक. किती गृहचौकशी अहवाल झाले, किती प्रलंबित आहेत, पोर्टलवर किती नोंदी भरल्या, एवढे विचारून ती संपते. हा हिशेब लागतोच. मात्र एखाद्या मुलाविषयी तासभर बसून विचार करायला त्या बैठकीत जागा नसते.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हा फरक लगेच कळेल. एमएसडब्ल्यूच्या क्षेत्रकार्यात विद्यार्थ्याला पर्यवेक्षक प्राध्यापकासोबत नियमित वैयक्तिक बैठकीला बसावे लागते. काय पाहिले, काय केले, का केले, यावर तिथे बोलणे होते. पदवी मिळते, नोकरी लागते आणि ही बैठक बंद होते. म्हणजे शिकताना आधार असतो आणि खऱ्या मुलाच्या आयुष्याचा निर्णय हातात आल्यावर तो नसतो. आमच्यासारखे जे समाजशास्त्रातून या कामात येतात, त्यांच्या वाट्याला तर अशी बैठक शिकतानाही आलेली नसते.

पर्यवेक्षणाची तीन अंगे

अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कादुशिन यांनी 1976 साली समाजकार्यातील पर्यवेक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यांनी मांडलेली तीन अंगे आजही जगभर शिकवली जातात. प्रशासकीय अंग म्हणजे काम वेळेत, नियमाने आणि नोंदीसह होते का हे पाहणे. शैक्षणिक अंग म्हणजे कार्यकर्त्याचे ज्ञान आणि कौशल्य वाढवणे. आधाराचे अंग म्हणजे कामाचा मानसिक ताण पेलायला मदत करणे. आपल्याकडे पहिलेच अंग पर्यवेक्षण म्हणून ओळखले जाते. मोठ्या मुलांच्या बाबतीत उरलेली दोन अंगे निर्णायक ठरतात.

एक उदाहरण

समजा, बारा वर्षांची एक मुलगी सहा वर्षांपासून बालगृहात आहे. फाईलवर शेरा आहे, 'नातेवाईक आढळले नाहीत.' आढावा बैठकीत हा शेरा वाचून पुढची फाईल घेतली जाईल. चांगली पर्यवेक्षक इथे थांबते. हा शेरा कुणी, कोणत्या वर्षी लिहिला? शोध कुठे घेतला होता? जुन्या कागदांत शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, सरकारी दवाखान्याचा केसपेपर आहे का? पहिल्या वर्षी भेटीच्या वहीत कुणाची सही आहे? आणि मुलीला विचारले का, की लहानपणी तुला कोण जेवू घालायचे, सणाला कुणाच्या घरी जायचीस? मुलांना पत्ता आठवत नाही, पण गावची जत्रा, वीटभट्टी, मावशीच्या दारातले झाड आठवते. शोधाची दिशा बऱ्याचदा तिथूनच मिळते.

आता समजा, शोधूनही कुणी सापडले नाही. कार्यकर्ता मुलीला दत्तकाविषयी विचारतो. ती म्हणते, "मला कुठे जायचे नाही." अहवालात 'मुलगी तयार नाही' अशी नोंद होते आणि विषय संपतो. मुलाचे वय आणि समज पाहून त्याच्या इच्छेचा विचार करावा, असे कलम 61 सांगते, त्यामुळे तिच्या नकाराचा मान राखलाच पाहिजे. पण त्या नकारात काय आहे, हे कार्यकर्त्याला समजले का? नवी आई आली तर खरी आई विसरावी लागेल, असे तिला वाटते का? नाव बदलेल, मैत्रिणी तुटतील, नंतर परत पाठवतील, ही भीती आहे का? त्याच संस्थेत तिचा धाकटा भाऊ आहे का? प्रत्येक भीतीवर वेगळे काम करावे लागते आणि त्याला महिने लागतात. पर्यवेक्षक कार्यकर्त्याला तो वेळ मिळवून देते आणि पुढच्या भेटीत काय बोलायचे याची तयारी करून घेते.

पूर्वग्रह तपासण्याची जागा

आणखी एक बाजू आपल्या वाचकांना जवळची वाटेल. नातेवाईक सापडले तरी गृहचौकशीत 'घर लहान, परिसर योग्य नाही' असा शेरा येऊ शकतो. परिसर म्हणजे कोणता? दहा बाय बाराची खोली, वस्ती, सार्वजनिक नळ, मोलमजुरी. आपल्यातली कितीतरी माणसे अशाच घरांत वाढली, शिकली. मुलांच्या पर्यायी काळजीविषयी संयुक्त राष्ट्रांनी 2009 साली स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. घरात मारहाण आहे, छळ आहे, दुर्लक्ष आहे की फक्त पैसा नाही, हा फरक कार्यकर्त्याला लिहिता आला पाहिजे. पैसा नसेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज भरावा. मूल दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरीकडे काही इच्छुक पालक आडून आडून विचारतात, "मूल कुठल्या लोकांतले?" दत्तक प्रक्रियेत जातीची पसंती देण्याची सोय नाही, पण प्रश्न विचारले जातात आणि कार्यकर्ताही याच समाजातून आलेला असतो. अशा वेळी काय उत्तर द्यायचे, त्या पालकांविषयी काय नोंदवायचे, आपल्याही मनात तसेच काही आहे का, हे मोकळेपणाने बोलण्याची जागा म्हणजे पर्यवेक्षणाची बैठक. अधिकाऱ्याच्या धाकाखाली चालणाऱ्या बैठकीत हे कुणी बोलणार नाही.

घर मिळाल्यानंतर

दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करावा लागतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत पहिले काही महिने कसोटीचे ठरू शकतात. मूल उशीखाली पोळी लपवते, खोटे बोलते, "तुम्ही माझे कोणी नाही" म्हणते. हे लोक आपल्याला ठेवतील का, हे ते तपासत असते. पालक घाबरून फोन करतात. मूल परत आणावे, असे कार्यकर्त्यालाही वाटू लागते. मुलाला धोका आहे की हा रुजण्याचा त्रास आहे, हे एकट्याने ठरवणे अवघड असते. त्याच दिवशी फोन उचलणारी पर्यवेक्षक असेल तर घाईचा निर्णय टळतो. आणि खरेच धोका असेल तर मुलाला विनाविलंब सुरक्षित जागी हलवता येते.

कधी कधी मूल परत येतेच. कार्यकर्ता ते स्वतःचे अपयश मानतो. लैंगिक अत्याचाराच्या, मारहाणीच्या कहाण्या रोज ऐकून काहींची झोप जाते, काही कोरडे होतात, काही नोकरी सोडतात. कार्यकर्ता गेला की मुलाच्या आयुष्यातले आणखी एक माणूस जाते. नव्या माणसाला मूल पुन्हा सगळे सांगत नाही. म्हणून कार्यकर्ता टिकवणे हे मुलाच्याच हिताचे काम आहे.

किमान चौकट

कोणतीही संस्था किंवा कक्ष फारसा खर्च न करता पुढील गोष्टी सुरू करू शकतो.

1. प्रत्येक कार्यकर्त्यासोबत आठवड्याला, निदान पंधरवड्याला, एक तास ठरलेली बैठक. आढावा बैठक वेगळी ठेवावी.
2. प्रत्येक बैठकीत एका मुलावर सखोल चर्चा. सुरुवात ज्यांना सर्वांत जास्त काळ कुणी भेटायला आलेले नाही त्यांच्यापासून.
3. 'नातेवाईक नाहीत' आणि 'मूल तयार नाही' हे शेरे दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणे.
4. पर्यवेक्षकाने वर्षातून काही गृहभेटींना सोबत जाणे.
5. कार्यकर्ता नोकरी सोडत असेल तर त्याने नव्या कार्यकर्त्याची मुलाशी स्वतः ओळख करून देणे आणि मुलाचा निरोप घेणे.
6. मूल परत आले, पळून गेले किंवा गंभीर घटना घडली तर दोन दिवसांत कार्यकर्त्याशी बोलणे. दोष ठरवण्याची चौकशी नंतर, वेगळी.
7. ताण पर्यवेक्षकाच्या आवाक्याबाहेरचा असेल तर समुपदेशकाकडे पाठवणे.

आपण काय करू शकतो?

समाजकार्य, समाजशास्त्र, कायदा, मानसशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी या क्षेत्राकडे वळावे. मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव आणि संबंधित विषयाची पदवी असेल तर बाल कल्याण समितीच्या सदस्यपदासाठी अर्ज करता येतो. मुलाखतीला जाल तेव्हा पगारासोबत हेही विचारा, की माझे पर्यवेक्षण कोण करणार आणि किती दिवसांनी. संस्था चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पर्यवेक्षकाचा वेळ धरावा. गावातील बाल संरक्षण समितीची बैठक खरेच होते का, हे ग्रामसभेत विचारावे. ज्यांच्या घरात आणि मनात जागा आहे, त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन प्रतिपालकत्वाची माहिती घ्यावी.

तुमच्या जिल्ह्यातल्या बालगृहात आज एखादे मूल सतरा वर्षांचे असेल. त्याच्या फाईलवरचा शेवटचा शेरा कधीचा आहे, हे विचारणारे कुणीतरी तिथे असायला हवे.