टेंपर गेलं म्हणजे काय गेलं?

‘साहेबांचं टेंपर गेलं’ म्हणजे राग आला, हे आपल्याला ठाऊक. पण लॅटिनमधून आलेला हा शब्द मुळात योग्य प्रमाणात मिसळण्याचा. युरोपातले जुने वैद्य म्हणत, रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त यांच्या मेळातून स्वभाव बनतो. तो मेळ सुटला की टेंपर गेलं. पुढे शब्द रागालाच चिकटला!

त्याचंच भावंड ‘टेंपरन्स’, म्हणजे बेतानं वागणं. पण १८७४ साली अमेरिकेतल्या बायकांनी टेंपरन्स युनियन काढली, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, दारू मुळीच नको. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाई. ‘बेतानं घ्या’ म्हणून चूल कशी पेटणार? पंडिता रमाबाई तिकडे या बायकांत मिसळल्या, आणि १८८९ च्या आपल्या मराठी पुस्तकात त्यांनी हे काम इथल्या बायकांपर्यंत पोचवलं.