घंटा वाजते, पण ऐकतो कोण?

दाराला कुलूप लावून माणूस शतकानुशतके झोपत आला. कुलूप चोराला अडवते. पण चोराने ते फोडलेच, तर घरधन्याला जागे करत नाही. ते काम कुत्र्याचे, राखणदाराचे, शेजाऱ्याचे. विजेने ते यंत्राकडे दिले. या यंत्राचा इतिहास चाळताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो : घंटा वाजली खरी, पण ऐकणार कोण?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल येथे ऑगस्टस पोप नावाचे गृहस्थ राहत. २१ जून १८५३ रोजी त्यांना विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट मिळाले. घरोघरी वीज यायला अजून तीसेक वर्षे होती. त्यांचे यंत्र बॅटरीवर चाले. दार किंवा खिडकी उघडली की तारांचे मंडल जुळे, विद्युतचुंबक हलू लागे आणि त्याला जोडलेली हातोडी घंटेवर आदळे.

१८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि १८५९ मध्ये ते धंदा घेऊन न्यूयॉर्कला गेले. मात्र घंटा फक्त त्याच घरात वाजत असेल आणि घर रिकामे असेल, तर उपयोग काय? म्हणून पुढे दुकाने आणि बँका यांच्या तारा एका मध्यवर्ती कचेरीत आणल्या गेल्या. तिथे रात्रभर माणसे जागी असत. चोर तार कापेल, ही भीती होतीच. त्यावर उपाय निघाला तो असा, की तारेतून सतत मंद प्रवाह सोडायचा आणि तो तुटला की घंटा वाजायची. चोराची कात्रीच चोराची वर्दी देऊ लागली! गंमत म्हणजे, बॉस्टनमध्ये १८७७ साली होम्स यांच्या मुलाने याच तारांवर टेलिफोन जोडून पाहिले. दिवसा बोलणे, रात्री पहारा.

कॅमेऱ्याची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिका राहत. कामाच्या वेळा आडनिड्या, अनेकदा घरात एकट्या, आणि पोलीस बोलावले तरी लवकर येत नसत. १९६६ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ असलेले पती अल्बर्ट यांच्यासह पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा आणि बाहेरच्याशी बोलण्याची सोय. एक बटण दाबले की दार उघडे. दुसरे दाबले की मदतीसाठी संदेश जाई. पाहणे, विचारणे आणि ठरवणे, सारे घरातल्या बाईच्या हाती होते.

आज कॅमेरे गल्लोगल्ली आहेत, चित्र मोबाईलवर दिसते. पण नुसते चित्रण म्हणजे चोरी झाल्यानंतरचा पुरावा. म्हणून यंत्र घेताना किमतीआधी काही प्रश्न विचारावेत. वीज गेली तर ते चालेल का? त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का? रात्री दोन वाजता सूचना आली, तर ती पाहून कोण धावेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते बहुधा शेजारच्या दारामागे असते.