हिंगणघाटची कबर आणि पडद्यावरचे हेर

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या कापूस बाजारात हिंगणघाटचं नाव रोज घेतलं जाई. हिंदुस्थानातल्या उत्तम कापसाला तिथले व्यापारी या गावाच्याच नावाने ओळखत. वणा नदीकाठच्या या गावात आणखीही एक ठेवा आहे, आणि त्याची आठवण गावाबाहेर फारच थोड्यांना असते. 20 जानेवारी 1823 रोजी हैदराबादहून नागपूरकडे निघालेला एक म्हातारा इंग्रज अधिकारी इथे मुक्कामी वारला आणि इथेच पुरला गेला. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन. सिनेमातल्या हेरांची एक मोठी वंशावळ या कबरीपाशी येऊन पोचते.

लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची पहिली पायारेषा मोजली. तिच्यावर एक त्रिकोण बसवला, त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि असं करत तो कन्याकुमारीपासून उत्तरेला सरकत राहिला. कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं होतं. 1808 मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्बटन तंबूत बसला आणि वाकलेलं वर्तुळ ठोकून, ओढून त्याने पुन्हा सरळ केलं. हिंगणघाटला पोचेपर्यंत त्याची वीस वर्षं या कामात गेली होती आणि त्याच्या त्रिकोणांखाली 1,65,000 चौरस मैलांहून अधिक मुलूख आला होता. हेच काम पुढे नेणाऱ्या त्याच्या मदतनिसाचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. गुरू मात्र विदर्भाच्या मातीत राहिला.

लॅम्बटन हेर नव्हता. निशाणं रोवून, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत तो मोजत असे. तरीही लोक त्याच्याकडे हेर म्हणूनच बघत. डोंगरावर, बुरुजावर, देवळाच्या शिखरावर दुर्बीण लावून बसणारा हा माणूस आपल्या घरातल्या बायकांवर नजर ठेवतो, ही तक्रार तर जागोजागी होती. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे, म्हणून आपल्या बायका त्याला उलट्या लटकलेल्या दिसतात अशीही आवई उठली. यावर हसणं सोपं आहे. नागपूरकरांना मात्र इंग्रजांशी झालेली सीताबर्डीची लढाई आठवत होती. 1817 ची ती लढाई होऊन जेमतेम पाच वर्षं लोटली होती. नकाशा आधी येतो आणि मागून तोफा येतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या पिढीत तो संशय खरा ठरला. तिबेटात गोऱ्या माणसाला मज्जाव होता. मग 1860 च्या दशकात लॅम्बटनच्या मोजणीतून उभ्या राहिलेल्या सर्व्हे खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरीने हिमालयातली माणसं निवडली आणि देहरादूनला त्यांना मोजणीचं आणि वेषांतराचं शिक्षण दिलं. त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे कुमाऊंच्या मिलम गावचे शिक्षक नैनसिंह रावत.

नैनसिंहांच्या हातात जपमाळ असे. बौद्ध माळेत 108 मणी असतात, त्यांच्या माळेत 100 होते. पाऊल नेहमी सारख्याच अंतराचं पडावं, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं, म्हणजे ढोबळमानाने पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी मोजणीच्या नोंदी दडवलेल्या. ताऱ्यांची उंची मोजण्यासाठी लागणारा पारा कवडीत भरून मेणाने बंद केलेला. पाणी किती अंशांवर उकळतं यावरून ठिकाणाची उंची काढायची. जानेवारी 1866 मध्ये ते ल्हासाला पोचले. या एका सफरीत ते सुमारे 1,200 मैल चालले, म्हणजे जवळपास पंचवीस लाख पावलं. त्यातलं प्रत्येक पाऊल त्यांनी यात्रेकरूच्या सोंगात मोजलं, आणि हे सोंग उघडं पडलं असतं तर जीव गेला असता. कुठल्या नटाने याहून लांब प्रयोग केला असेल?

त्यांचा वृत्तान्त लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1868 मध्ये छापला तेव्हा लेखात त्यांचं नाव नव्हतं, नुसतं 'पंडित' असं होतं. सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना 1877 मध्ये मिळालं.

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने 1901 च्या 'किम' कादंबरीत ही सगळी सामग्री उचलली. त्याचा पोरसवदा किम बिकानेर शहर जपमाळेवर पावलं मोजूनच नकाशावर आणतो. याच कादंबरीत आगगाडीच्या डब्यात एक घायाळ, भेदरलेला माणूस किमला भेटतो. पागोट्याच्या ठेवणीवरून तो मराठा वाटतो. त्याला नाव नाही, आहे तो फक्त क्रमांक, ई 23. पोलीस मागावर आहेत. किम चालत्या गाडीत त्याला राख फासतो, रंग लावतो, आणि थोड्याच वेळात तिथे एक साधू बसलेला असतो. हेरकथेतला हा मराठी माणूस मराठी वाचकांनी अजून नीटसा आपलासा केलेला नाही, याचं वाईट वाटतं.

हॉलिवूडने 1950 मध्ये 'किम' पडद्यावर आणला. एरल फ्लिन हेर-सौदागर महबूब अली झाला आणि चौदा वर्षांचा डीन स्टॉकवेल किम. स्टॉकवेल मोठेपणी आपल्या बालनटाच्या दिवसांबद्दल कडवटपणे बोलत असे. आपलं बालपण स्टुडिओने घेतलं, ही त्याची खंत होती. फ्लिनची आठवण मात्र तो जिव्हाळ्याने काढी. ज्या पोराला कादंबरीत सगळे वापरून घेतात, त्याचं सोंग घेणाऱ्या पोराला खऱ्या आयुष्यातही तसंच वाटावं, ही गोष्ट मनाला लागते. 1984 च्या 'किम'मध्ये पीटर ओटूलने लामाची भूमिका केली. 

मराठी पडद्याचा हेर वेगळा, तो म्हणजे शिवाजी महाराजांचा बहिर्जी नाईक. भालजी पेंढारकरांनी 1943 मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला आणि 2018 च्या 'फर्जंद'मध्ये प्रसाद ओकने तो साकारला. या भूमिकेत नटाची खरी कसोटी असते. एकाच चित्रपटात फकीर, भिकारी, गोंधळी व्हायचं, आणि प्रेक्षकाला ओळख पटवायची तीही डोळ्यांतून. सभासदाच्या बखरीत सुरतेची बातमी आणणारा बहिर्जी जाधव 'जासूद' म्हणून येतो, तोही चार ओळींपुरता. बाकीचं सारं लोककथेने आणि नटांनी भरलं आहे.

नटाचं सोंग उतरलं की तो घरी जातो. खऱ्या हेराच्या सोंगाची किंमत मात्र कुणाला तरी मोजावी लागते. शरच्चंद्र दास हा बंगाली पंडित 1880 च्या सुमारास तिबेटात जाऊन सुखरूप परत आला, मानमरातब मिळवून राहिला, आणि त्याचं प्रवासवर्णन 1902 मध्ये ग्रंथरूपाने निघालं. त्याला आसरा देणाऱ्या तिबेटी लामाला मात्र तिथल्या सरकारने नदीत बुडवून मारलं. 'किम'मधला किपलिंगचा विनोदी हरीबाबू बेतला गेला तो याच दासांवरून. हेरगिरीच्या चित्रपटांतून नेमकी ही बाजू गळते.

नैनसिंहांवर आणि याच सर्व्हे खात्यातले गणिती राधानाथ सिकदर यांच्यावर टपाल खात्याने 2004 मध्ये तिकिटं काढली. त्याच्याही आधी जॉन के या लेखकाने 'द ग्रेट आर्क' या पुस्तकासाठी लॅम्बटनची कबर शोधत हिंगणघाट गाठलं होतं. इतक्या दुरून माणूस जिथे येतो, तिथे वर्ध्याच्या आणि नागपूरच्या शाळांनी आपली मुलं का नेऊ नयेत? गुरुजींनी शंभर मण्यांची एक माळ सोबत घ्यावी आणि शेवटचा मैल मुलांना मोजत चालायला लावावं.