वुड एल्फ (वॉरहॅमर)

'वॉरहॅमर फँटसी बॅटल' या टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळातील अरण्यवासी सेना. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने हा खेळ १९८३ मध्ये आणला. हे एल्फ स्वतःला असराय म्हणवतात. ब्रेटोनियाचे सरदारी राज्य आणि ग्रे माउंटन्स यांच्या मधले अथेल लोरेन हे जागृत अरण्य त्यांचे घर. राजा ओरायन दर हिवाळ्यात चितेवर जातो आणि वसंतात पुन्हा अवतरतो; त्याची राणी एरियल. या सेनेच्या नियमांची पुस्तके १९९६, २००५ आणि २०१४ साली निघाली. पुढील विवेचन मुख्यतः २००५ च्या पुस्तकाला धरून आहे, कारण या सेनेचा स्वभाव त्यात सर्वांत स्वच्छ दिसतो.

सेना महागडी, संख्येने थोडी आणि अंगाने नाजूक. समोरासमोर रांगा भिडल्या की ती हरते. तिचे खरे बळ अंतर राखण्यात आहे. धनुष्याचा पल्ला ३० इंच. दहा धनुर्धाऱ्यांनी लांबून साध्या शिपायांवर बाण सोडले, तर सरासरी पाच लागतात आणि चिलखताचा फासा टाकण्याआधी अडीच जखमा होतात. १५ इंचांच्या आत मात्र नेम सुधारतो, बाणाचे बळ ३ चे ४ होते आणि जखमा साडेचारच्या घरात जातात. म्हणून शत्रूला १५ इंचांच्या आत येऊ द्यायचे, पण त्याच्या धावेत, म्हणजे हल्ल्यासाठी तो एका खेपेत गाठू शकेल त्या अंतरात, सापडायचे नाही. माणसांच्या पायदळाची धाव ८ इंच, ड्वार्फांची ६. 'एम्पायर' या मानवी साम्राज्याचे चिलखती घोडेस्वार १४ इंच गाठतात, ब्रेटोनियाचे १६. त्या काळच्या नियमांत आधी टेप लावून मोजायला मनाई होती, सारे अंतर नजरेनेच जोखायचे. चौदा आणि सोळा यांमधले दोन इंच ज्याच्या डोळ्यांना दिसतात, तोच ही सेना चालवू शकतो. माझ्या मते युद्धखेळातली इतकी सुंदर कसोटी दुसरी नाही.

हुलकावणीचे काम ग्लेड रायडर या हलक्या घोडदळाचे. शत्रूचे घोडेस्वार चालून आले की ते पळ काढतात. हल्ला हुकतो, घोडेस्वार मैदानाच्या मधोमध थांबतात आणि त्यांची बगल उघडी पडते. पुढच्या खेपेला रायडर सावरून पुन्हा हजर. त्या उघड्या बगलेवर वॉरडान्सर हे नर्तक योद्धे किंवा वाइल्ड रायडर हे घोडेस्वार सोडायचे. वॉरडान्सर प्रत्येक फेरीत एक नृत्य निवडतात: कधी जादा वार, कधी संरक्षण. तेच नृत्य लागोपाठ दोनदा करता येत नाही, त्यामुळे पुढच्या फेरीचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

झाडी हे या सेनेचे दुसरे शस्त्र. इतरांची चाल झाडीत निम्मी होते, एल्फांची ५ इंचांची चाल तशीच राहते. या खेळाडूला पटावर एक जास्तीची झाडी मांडायला मिळते आणि मंत्राने ती काही इंच सरकवताही येते. ड्रायड आणि ट्रीमन ही वृक्षरूपे धनुर्धाऱ्यांत नसलेली चिवटाई सेनेला देतात. ट्रीमनला आगीपासून जपावे.

२०१० साली आलेल्या खेळाच्या आठव्या आवृत्तीने हा तोल मोडला. टेप लावायची मुभा मिळाली आणि धाव ठरू लागली चालीत दोन फाशांची बेरीज मिळवून. चार इंच चालणारे पायदळही नशिबाने १६ इंच गाठू लागले. शिवाय ज्याच्या रांगा जास्त, तो हरूनही सहज हटेना. थोडक्या एल्फांना हे फार जड गेले, आणि त्यांना जुन्याच पुस्तकावर २०१४ पर्यंत दिवस काढावे लागले. नव्या पुस्तकाने विषारी, चिलखतभेदी, अग्निबाण असे निवडीचे बाण देऊन उणीव बरीच भरून काढली. २०२४ मध्ये आलेल्या, याच जगातल्या 'द ओल्ड वर्ल्ड' या खेळात दोन फाशांपैकी मोठा तेवढाच चालीत मिळवतात. त्यामुळे साध्या पायदळाची धाव पुन्हा १० इंचांच्या आत आली आहे.