पाटीवरचे गांधीजी

आमच्या शाखेत कॅश काउंटरच्या वर एक फ्रेम टांगलेली होती. वर गांधीजींचं बोळकं हसू, खाली ग्राहकाची थोरवी. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर आहोत. तो कामातला अडथळा नव्हे, त्याच्यासाठीच तर काम. त्या फ्रेमखाली बसून मी २१ वर्षं "स्लिप नीट भरा, उद्या या" म्हणत आलो.

एकदा पेन्शन न्यायला आलेले एक मास्तर टोकन चाळवत म्हणाले, "साहेब, हे बापू कुठं म्हणाले हो?" मी फ्रेमखालची बारीक ओळ वाचून दाखवली : दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०. मास्तर हसले. "अहो, आफ्रिकेत ते उतरले १८९३ला. नव्वद साली लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकत होते!"

मी गप्प. त्यात तेव्हाचा मोहनदास इतका बुजरा, की लंडनच्या शाकाहारी मंडळात बोलायला उभं राहिलं तरी तोंडातून शब्द फुटत नसे. आत्मकथेत त्यांनीच हे सांगितलंय.

निवृत्तीनंतर सवड मिळाली. समग्र वाङ्मयाचे इंग्रजी खंड १००. सगळे वाचले म्हणणार नाही, पण सूची बोट ठेवून चाळली. ग्राहकराजा काही भेटला नाही. तो भेटला अमेरिकेत. जुनी नियतकालिकं उपसणाऱ्या तिथल्या चिकट मंडळींनी तो आधीच हुडकून ठेवला होता. 'प्रिंटर्स इंक' या जाहिरातधंद्याच्या नियतकालिकात १९४१ साली जवळजवळ हाच मजकूर आहे, आणि नाव आहे केनेथ इलियट यांचं. हे गृहस्थ स्टुडबेकर मोटार कंपनीत विक्रीचे उपाध्यक्ष. मेन राज्यातल्या एल. एल. बीन या टपालाने बूट-कपडे विकणाऱ्या दुकानानेही तो आपल्या पाटीवर घेतला. ग्राहक प्रत्यक्ष येवो की टपालाने, अशी भर त्यात होती. आमच्या फ्रेममध्ये टपाल नव्हतं. आमच्याकडे ग्राहकाला यावंच लागे, तेही दोनदा.

मी हे आमच्या जुन्या मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, "मोटारी विकणाऱ्याचं नाव घातलं तर पाटीकडे कोण बघेल?" मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. खप वाढवायचा सल्ला विक्रेत्याच्या तोंडी हिशेबी वाटतो. पंचा नेसलेल्या माणसाच्या तोंडी घातला की व्रत होतो. आणि ज्यांच्या नावावर हे खपवलं, त्यांनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकातून जाहिराती पार हद्दपार केल्या होत्या!

गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेत धंद्यावरचं एक खरं भाषणही आहे. १८९३, प्रिटोरिया. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण असं गांधीजीच त्याला म्हणतात. समोर बहुतेक मेमन व्यापारी. ग्राहकाला देव माना वगैरे काही नाही; विषय होता व्यापारातलं सत्य. धंद्यात निव्वळ खरं बोलून चालत नाही, असं मानणारेच समोर बसले होते. त्यांना तो तरुण वकील सांगत होता, की चालतं. आणि परक्या मुलुखात तर तुमच्यावरूनच सगळ्या देशाची पारख होते, म्हणून तुमची जबाबदारी जास्तच.