हिस्लॉपचे दगड

आमच्या घरी आजोबांचं इंग्रजी बायबल आहे. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत गार्ड होते, गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्येच त्यांची हयात गेली. त्या बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या पानावर, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात एक साल छापलंय: इसवी सनापूर्वी 4004. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलातल्या पिढ्या मोजून जगाच्या जन्माचं हे साल काढलं. शेकडो वर्षं ते बायबलाच्या पानांवर असं छापलं गेलं की लोकांना ते वचनच वाटू लागलं.

गेल्या नाताळात भाच्याने मोबाइलवर एक माहितीपट दाखवला. जेरुसलेमच्या तालपियोत भागात 1980 साली इमारतीचा पाया खणताना एक थडगं सापडलं. आत हाडं ठेवायच्या दहा दगडी पेट्या होत्या, त्यातल्या एकीवर ‘योसेफाचा मुलगा येशू’ असं कोरलेलं. 2007 मध्ये त्यावर माहितीपट आला आणि येशूचं कुटुंबच सापडल्याची आरोळी उठली. भाचा हळूच म्हणाला, “मावशी, मग पुनरुत्थान?”

मी त्याला सांगितलं, त्या थडग्याचा अहवाल लिहिणारे आमोस क्लोनर यांनीच हा दावा फेटाळलाय. योसेफ, येशू, मरिया ही त्या काळची घरोघरची नावं. आपल्याकडे एखाद्या समाधीवर ‘ज्ञानेश्वर विठ्ठल’ सापडलं म्हणून ती आळंदीच्या माउलींची ठरत नाही. पण त्याचा प्रश्न मला झटकायचा नव्हता. दगडाने बायबलाला विचारलेला खरा प्रश्न तर आपल्या विदर्भातच उभा राहिला होता, आणि तोही एका पाद्र्याच्या हातून.

स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. 1845 मध्ये, भोसल्यांचं राज्य असतानाच, तो नागपुरात आला. शाळा काढली, मराठी शिकला, गावोगाव फिरला. फिरताना वाटेतले दगड फोडायचा. सोबतीला रॉबर्ट हंटर हा दुसरा मिशनरी. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडल्या, कामठीच्या वालुकाश्मात जिभेसारख्या पानांचे ठसे सापडले. मांगलीच्या एका उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये तिचं वर्णन छापलं. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरचा लेख लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. कामठीचं ते ग्लॉसोप्टेरिसचं पान मुलांच्या हाती देताना दर वेळी अंगावर काटा यायचा. आज आपण त्याचं वय पंचवीस कोटी वर्षांच्या आसपास धरतो. टाकळीच्या गोगलगायी साडेसहा कोटींच्या. हिस्लॉपकडे हे आकडे नव्हते. पण तळं भरलं, त्यात गोगलगायी जगल्या, मेल्या, वर पुन्हा लाव्हा पसरला, हे चार दिवसांचं काम नव्हे हे हातात हातोडा असलेल्या माणसाला कळल्याशिवाय राहत नाही. त्याच्या मंडळीचे पहिले पुढारी टॉमस चामर्स यांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये हवा तेवढा काळ मावतो. हिस्लॉपने ना उपासना सोडली, ना हातोडा. माझ्या मते पडलं ते समासातलं साल, आणि ते पडायलाच हवं होतं.

पुढे कामठीसारख्या थरांना ‘गोंडवन’ नाव मिळालं, आणि त्यावरून एका लुप्त महाखंडाला. 1912 मध्ये अंटार्क्टिकात गोठून मेलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळ सोळा किलो दगड सापडले, त्यांत ग्लॉसोप्टेरिसचं हेच पान होतं. आमच्या गोंडांचं नाव दक्षिण ध्रुवापर्यंत गेलं.

4 सप्टेंबर 1863. हिस्लॉप टाकळघाटला शिळावर्तुळं पाहायला गेला होता. तिथली शाळा तपासून अंधारात घोड्यावरून परतताना पुराच्या ओढ्यात बुडाला. पंचेचाळीस वर्षांचा होता. शंभरेक वर्षांनी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि लोखंड वापरणाऱ्या महापाषाणकालीन लोकांची वस्ती उजेडात आणली.

हिस्लॉपच्या मागे राहिलेले कागद इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. त्यांत गोंडी भाषेतलं, गोंडांच्या परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेलं लिंगोचं गीत आहे. महादेवाने गोंडांना एका गुहेत कोंडलं, तोंडाशी शिळा लावली, लिंगोने ती सारून त्यांना सोडवलं. ज्यांना बाप्तिस्मा द्यायला आला, त्यांचं उत्पत्तीचं पुस्तक त्याने शब्दाला शब्द लावून जपलं. हिस्लॉपचं हे काम मला त्याच्या जीवाश्मांहून मोठं वाटतं.

गोंड समाज ती गुहा म्हणजे आपल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड मानतो. माघ पौर्णिमेला भाच्याला घेऊन गेले. दरेकशाला उतरलो, धनेगावपासून पिवळ्या झेंड्यांमागे चालत राहिलो. छत्तीसगड, तेलंगण, मध्यप्रदेशातून आलेली माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. या टेकड्यांमधला बिजली रायोलाइट दोन अब्ज वर्षांहून जुना, हे मी भाच्याला चढताना सांगत होते. गुहेच्या तोंडाशी एक म्हातारी शिळेला कपाळ लावून उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. म्हातारी बाजूला सरली, त्याला जागा करून दिली. त्याने तळहात दगडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभा राहिला.