तलावातला वृंद

इसवी सनापूर्वी ४०५ च्या हिवाळ्यात, लेनाया नावाच्या उत्सवात, अथेन्सच्या नागरिकांनी अॅरिस्टोफेनीसचे 'बेडूक' हे प्रहसन पाहिले, तेव्हा त्या नगराची अवस्था मोठी बिकट होती. स्पार्टाशी चाललेले युद्ध पाव शतक लोटले तरी संपत नव्हते. आदल्या वर्षी आर्गिनुसी बेटांजवळ आरमारी विजय मिळाला होता खरा. पण वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचविता आले नाही, एवढ्यासाठी विजयी सेनापतींपैकी सहा जणांना अथेन्सच्याच लोकसभेने देहान्त शासन दिले होते. युरिपिडीस नुकताच वारला होता आणि सॉफोक्लीसही त्याच्या मागोमाग गेला होता. अशा वेळी अॅरिस्टोफेनीसने नाट्याचा देव डायोनायसस यालाच रंगभूमीवर आणले, आणि पृथ्वीवर चांगला कवी उरला नाही म्हणून एक मेलेला कवी परत आणण्यासाठी त्याची पाताळात रवानगी केली. भित्रा, नटवा, थोडा वेंधळा असा हा देव आणि त्याच्याहून शहाणा त्याचा सेवक, ही जोडी पाताळाच्या वाटेला लागते. तळे ओलांडताना बेडकांचा वृंद त्याला भंडावून सोडतो. पुढे ईस्किलस आणि युरिपिडीस यांच्यात श्रेष्ठ कोण याचा वाद रंगतो, दोघांच्या काव्यपंक्ती चक्क तराजूत घालून तोलल्या जातात. आणि युरिपिडीसला आणावयास गेलेला देव अखेर ईस्किलसला घेऊन परततो.

या प्रहसनात विनोद पुष्कळ आहे. परंतु त्याचे खरे बळ वृंदात आहे. ग्रीक प्रहसनाच्या वृंदात चोवीस माणसे असत. ती पोटासाठी नाटक करणारी माणसे नव्हती, नगरातलेच नागरिक होते. त्यांच्या तालमींचा आणि वेषभूषेचा भार एखाद्या धनिक नागरिकावर कर्तव्य म्हणून टाकला जाई. 'बेडूक' या नाटकात तर वृंद दोन : एक बेडकांचा आणि दुसरा गूढ पंथाची दीक्षा घेतलेल्या पुण्यात्म्यांचा. बेडूक प्रेक्षकांना दिसत की नुसते आडून ऐकू येत, यावर पंडितांनी भरपूर शाई खर्च केली आहे. युद्धाच्या दिवसांत दोन वृंदांच्या वेषभूषेचा खर्च कोण करणार, असा हिशेबी प्रश्नही त्या वादात येतो. नाटकाच्या मध्यावर हा वृंद प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ राजकारणावर बोलतो. एका आरमारी लढाईत वल्ही मारली म्हणून गुलामांना नागरिकत्व दिलेत, मग पूर्वी चुकलेल्या आपल्याच माणसांचे हिरावलेले हक्क त्यांना परत का देत नाही, असा त्याचा रोकडा सवाल आहे. या सल्ल्याबद्दल नाटकाचा पुन्हा प्रयोग करण्याचा दुर्मिळ मान कवीला मिळाला. ऐकणारे नागरिक आणि सांगणारेही नागरिक, म्हणूनच त्या सल्ल्याला वजन होते. एरवी विदूषकाच्या तोंडचा उपदेश कोण मनावर घेतो?

पुढच्या काळात वृंद गेला आणि नट उरला. कारणे अनेक असतील, पण त्यांतले एक अगदी व्यवहाराचे आहे. धंदेवाईक नाटकमंडळीला चोवीस माणसांचा पगार चोवीस वेळा द्यावा लागतो. आपल्याकडेही १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हापासून एकत्र गाणे मुख्यत्वे नांदीपुरते राहिले आणि पुढची सारी मैफल एकेका गायकनटाची झाली. वृंद हवा असेल, तर पगाराचा प्रश्न जेथे उद्भवत नाही अशी जागा शोधावी लागते. विसाव्या शतकात अशी एक जागा निर्माण झाली. ती म्हणजे विद्यापीठातील नाट्यविभाग.

या जागेचा इतिहासही मनोरंजक आहे. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखनाचा वर्ग घेत. यूजीन ओनीलसारखा विद्यार्थी त्या वर्गात बसून गेला. परंतु नाटक लिहावयास शिकविणे ठीक, त्याचे प्रयोग करण्यासाठी नाट्यगृह आणि त्यासाठी पदवी हे हार्वर्डच्या गळी उतरेना. तेव्हा एडवर्ड हार्कनेस या दात्याने येल विद्यापीठाला दहा लक्ष डॉलर्स दिले. १९२४ मध्ये तेथे नाट्यविभाग स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी बेकर न्यू हेवनला निघून गेले. १९५५ मध्ये या विभागाचे स्वतंत्र विद्यालय झाले.

येलला अॅरिस्टोफेनीसचे बेडूक मात्र त्याही आधीपासून परिचित होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील विद्यार्थी खेळाच्या मैदानावर आपल्या संघाला प्रोत्साहन देण्यासाठी जी आरोळी ठोकीत, तिच्यात या नाटकातल्या बेडकांचे ओरडणे जसेच्या तसे घेतलेले होते. ग्रीक भाषेच्या वर्गात डुलक्या घेणाऱ्यांच्याही तोंडी हे ग्रीक पाठ होते. म्हणून १९४१ साली बर्ट शेवेलव्ह या तरुण नाट्यवेड्याने 'बेडूक' येलमध्ये बसविण्याचे ठरवले आणि त्यासाठी रंगमंच सोडून विद्यापीठाचा पोहण्याचा तलाव निवडला, तेव्हा ती कल्पना वाटते तितकी आकाशातून पडलेली नव्हती. नाटकात तळे आहे, तळ्यात बेडूक आहेत, आणि विद्यापीठात पोहणाऱ्यांचा नामांकित संघ आहे. मग कापडाचे पाणी रंगवावे कशाला?

तेहतीस वर्षांनी शेवेलव्ह पुन्हा त्याच तलावाकडे वळला. मधल्या काळात तो न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नावारूपाला आला होता. रोमन प्रहसनांवरून लॅरी गेल्बार्टच्या सहकार्याने त्याने लिहिलेले संगीत नाटक १९६२ मध्ये गाजले होते, आणि त्याची गाणी स्टीफन सोंडहाइमची होती. १९७४ पर्यंत सोंडहाइम हा अमेरिकन संगीत रंगभूमीवरील अग्रगण्य रचनाकार ठरला होता. 'कंपनी', 'फॉलीज' आणि 'अ लिटल नाइट म्यूझिक' ही त्याची तीन नाटके लागोपाठ झाली होती. येलच्या नाट्यविद्यालयाचे प्रमुख रॉबर्ट ब्रस्टीन यांनी १९६६ मध्ये विद्यालयाला जोडून एक व्यावसायिक नाट्यसंस्था काढली होती. जाणते नट आणि शिकणारे विद्यार्थी यांनी एकाच प्रयोगात काम करावे, हा तिचा हेतू. हंगामाच्या शेवटी, मे १९७४ मध्ये, या संस्थेने 'बेडूक' तलावात उतरविले.

तो तलाव म्हणजे काही साधे कुंड नव्हे. १९३२ मध्ये बांधलेल्या पेन व्हिटनी व्यायामशाळेची इमारत बाहेरून एखाद्या गॉथिक प्रार्थनामंदिरासारखी दिसते. तिच्या पोटात हा प्रदर्शनीय तलाव आहे, आणि शर्यती पाहण्यासाठी त्याच्याभोवती दोन हजारांवर आसने चढत्या पायऱ्यांनी मांडलेली आहेत. वर्तुळाकार उतरत येणारी आसने आणि तळाशी मोकळी जागा, ही रचना ग्रीक प्रेक्षागाराच्या जवळची आहे. डोळ्यांना हे सारे छान जुळत होते. अडचण कानांची होती.

अथेन्सचे नाट्यगृह उघड्या आकाशाखाली होते. तलावाचे दालन बंदिस्त. भिंतींना गुळगुळीत फरशी, खाली पाणी, ध्वनी शोषून घेईल असा कपडा की लाकूड कोठे नाही. अशा ठिकाणी उच्चारलेला शब्द मरतच नाही. तो भिंतीवरून परततो आणि पुढच्या शब्दावर आदळतो. स्वर लांबतात, व्यंजने बुडतात. सावकाश, लांब सुरांचे सामुदायिक गाणे अशा जागी गंभीर वाटते. देवळाच्या गाभाऱ्यातल्या आरतीला घुमाऱ्याने जसा भारदस्तपणा येतो, तसेच हे. पण सोंडहाइमची सारी करामत शब्दांत. त्याची यमके दुहेरी-तिहेरी गुंफलेली, त्याचा विनोद एखाद्या अक्षरावर बेतलेला. ते अक्षरच पाण्यात विरघळले म्हणजे रसिकाने हसावे कशाला? त्या दालनातील घुमाऱ्याची तुलना सोंडहाइमने पुढे अशा एका जागेशी केली, की तिचा उल्लेख सभ्य मंडळींत न करणेच बरे. हा सारा अनुभव त्याला सुखाचा झाला नाही, हे तो कधी लपवीत नसे.

तरीही नाटकाची संगीतरचना पाहिली म्हणजे त्याने जागेचा विचार केला होता हे ध्यानात येते. मूळ प्रयोगात गाणी थोडकी, आणि त्यांतली बहुतेक वृंदाची. बेडकांचा हल्ला, डायोनायससचे स्तवन, मध्यावरचे वृंदाचे भाषण, सारे सामुदायिक. आरंभीचे गाणे तर शुद्ध नांदी होय. त्यात देवांना आवाहन आहे आणि लगोलग प्रेक्षकांना सूचनाही आहेत : कसे बसावे, काय करू नये, कोणते आवाज काढू नयेत. देवांची प्रार्थना आणि प्रेक्षकांची कानउघाडणी एकाच चालीत! या गाण्याचे मूळ बीज १९६२ च्या त्या रोमन प्रहसनासाठी रचलेले होते. तेथे ते वगळले गेले, आणि बारा वर्षांनी त्याला तलावाकाठी जागा मिळाली.

डायोनायससची भूमिका लॅरी ब्लायडेन या अनुभवी नटाने केली. बेडूक झाले ते विद्यापीठाच्या संघातले पोहणारे. बाकीचा वृंद बहुतांशी नाट्यविद्यालयातील विद्यार्थ्यांचा होता. त्या गर्दीत मेरील स्ट्रीप, सिगर्नी वीव्हर आणि पुढे नाटककार म्हणून नाव काढणारा ख्रिस्तोफर ड्युरँग हे तिघे होते. आज या प्रयोगाचे नाव निघाले की लोक प्रथम या तिघांचीच आठवण काढतात, आणि जणू तेच प्रयोगाचे फलित होते असे बोलतात. हे काही खरे नव्हे. त्या आठवड्यात ती वृंदातली मुले होती. वृंदातले काम म्हणजे स्वतःचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळून देणे. नामवंत होण्याची ती तालीम नाही. ग्रीक नाटक शिकण्याची तालीम मात्र तीच. पुस्तकात स्तोत्र आणि प्रतिस्तोत्र अशी नावे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला, ओल्या फरशीवर तोल सावरीत, घुमाऱ्याशी झगडत, अनेकांनी मिळून एक शब्द उच्चारणे किती कठीण असते, हे अशा वेळीच कळते.

शेवेलव्हने कथानकात एक मोठा फेरफार केला. ईस्किलस आणि युरिपिडीस यांच्या जागी त्याने शेक्सपिअर आणि बर्नार्ड शॉ यांना वादाला उभे केले. देव आणावयास जातो शॉला आणि घेऊन येतो शेक्सपिअरला. वादात दोघांचीही मुळातली वाक्ये वापरली आहेत, आणि पारडे झुकते ते 'सिंबेलाइन' मधील एका मृत्युगीताने. त्याला सोंडहाइमने हळुवार चाल लावली. फेरफार चतुर आहे, यात शंका नाही. आजच्या प्रेक्षकाला ईस्किलसची शैली ठाऊक नसते, शॉची असते. परंतु या चतुराईची किंमतही पडली. अॅरिस्टोफेनीसच्या वादात शेवटचा प्रश्न काव्याचा नव्हता. नगर वाचविण्याचा उपाय कोण सांगतो, हा होता. शॉ आणि शेक्सपिअर यांच्यातली चुरस पुष्कळशी अभिरुचीची होऊन बसते.

याची भरपाई वृंदाने केली. अथेन्समध्ये ज्या ठिकाणी वृंद नागरिकांना सल्ला देतो, त्याच ठिकाणी येलचा वृंद उलट गातो : हे सारे केवळ नाटक आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, काही करण्याचे कारण नाही. उपरोधाची ही धार १९७४ च्या मे महिन्यात बोथट वाटली नसावी. वॉटरगेट प्रकरण तेव्हा कळसाला पोचले होते, आणि अध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. व्हिएतनाममधून अमेरिकन सैन्य परतले होते. तेथील युद्ध मात्र संपले नव्हते. ज्यांच्या पिढीला त्या युद्धावर पाठविले गेले होते, त्याच वयाची मुले प्रौढ प्रेक्षकांना 'स्वस्थ बसा' म्हणून सांगत होती. पगारी नटांच्या तोंडी हेच शब्द निराळे लागले असते.

याच सुमारास मराठी रंगभूमीवर एक तोडीचे उदाहरण घडले होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आणले. ब्राह्मणांची ती प्रसिद्ध मानवी भिंत, जी क्षणात पडदा होते आणि क्षणात समाज, तीही हौशी मंडळींनी उभी केली होती. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने डॉक्टर. येल आणि पुणे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मात्र दोन्हीकडे वृंद परत आला तो पोटासाठी नाटक न करणाऱ्यांच्या खांद्यावरून, एवढे साम्य नजरेआड करता येत नाही.

येलचा तलाव जेमतेम आठवडाभर नाटकाला मिळाला. मग पाणी पुन्हा पोहणाऱ्यांचे झाले. नाटक मात्र संपले नाही. १९९० मध्ये लंडनच्या ब्रेंटफर्ड भागातील जुन्या स्नानगृहात त्याचा प्रयोग झाला, म्हणजे पुन्हा तलावातच. शेवेलव्ह १९८२ मध्ये निवर्तला होता. २००४ मध्ये नट नेथन लेन याने संहिता वाढवून लिहिली, सोंडहाइमने नवी गाणी रचली, आणि सूझन स्ट्रोमन यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये पोचले. इराकचे युद्ध चालू होते, तेव्हा अॅरिस्टोफेनीसला पुन्हा अर्थ आला. तेथे रंगमंच उत्तम होता, वाद्यवृंद उत्तम होता, प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. पाणी तेवढे नव्हते. आणि नवी गाणी वृंदापेक्षा एकेकट्या पात्रांच्या वाट्याला अधिक आली होती.